नाताळचा खर्च वर्षभरात कसा साठवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरच्या एका पगारात नाताळ बसत नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. तरी बहुतेक घरांत पैशांची जुळवाजुळव दिवाळीनंतरच सुरू होते. मग उसनवारी, कार्ड आणि जानेवारीत डोकेदुखी. वसई, उत्तन, मुंबईची गावठाणं, गोवा आणि नोकरीनिमित्त पुण्या-नाशिकला गेलेली मराठी-कोकणी ख्रिस्ती कुटुंबं यांच्याकडून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

डिसेंबरला अजून अवकाश आहे. एवढ्या आधीपासून विचार कशाला?

आधीपासून साठवण्याची सवय आपल्याला आहेच. गोव्यात पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची खरेदी होते. मे महिन्यात मडगाव-म्हापशाच्या बाजारातून सुकी मासळी, मिरच्या, सोलं, व्हिनेगर, कांद्याच्या माळा घरी येतात. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या-धणे वाळवून वर्षाचा बॉटल मसाला कुटून ठेवतात. चार महिन्यांच्या पावसाची बेगमी करणाऱ्या घराला एका सणाची बेगमी जड जाऊ नये. पावसाळा जसा ठरल्या वेळी येतो, तसा नाताळही २५ डिसेंबरलाच येतो. हा खर्च अचानक उद्भवलेला नाही, म्हणून त्याला अचानक आल्यासारखं सामोरं जाण्याचं कारण नाही.

एकूण किती लागतील, हे कसं ठरवायचं?

वस्तूंची यादी करायला बसू नका, माणसांची करा. घरात किती जण, कोणाला कपडे, कोणाला भेट, कोणत्या घरी फराळाचं ताट जाणार, २५ तारखेला जेवायला कोण कोण. माणसं लिहिली की वस्तू आपोआप आठवतात. मग गेल्या डिसेंबरचं बँकेचं विवरणपत्र आणि यूपीआयचा इतिहास काढून आकडे पडताळा. आठवणीतला खर्च नेहमी खऱ्यापेक्षा कमी निघतो.

सहा माणसांच्या घराचा एक नमुना पाहू. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदला. कपडे माणशी ३,००० प्रमाणे १८,०००. फराळ आणि केक ९,०००. नाताळच्या दिवसाचं जेवण, म्हणजे इंदाल आणि सॉरपोतेल (पोर्कचे व्हिनेगर घातलेले रस्से), मटण, बदक, फुग्या (तळलेले गोल पाव) वगैरे, ८,०००. भाचे-पुतणे, धर्ममुलं (बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ज्यांचे धर्मपालक झालो ती) यांच्या भेटी ७,०००. गावी जाण्या-येण्याचा प्रवास ६,०००. गोठा (येशूजन्माचा देखावा), चांदण्या, रोषणाई ३,०००. चर्च आणि दान ४,०००. वर ५,००० किरकोळ. बेरीज ६०,०००.

तो किरकोळचा रकाना कापू नका. जादा गॅस सिलिंडर, दारात येणाऱ्या कॅरलवाल्या मुलांच्या पेटीत टाकायचे पैसे, कामवाल्या मावशींची खुशी, वेदीसाठी फुलं, परगावी फराळ पाठवण्याचं कुरिअर हे सगळं त्यातून जातं. जानेवारीत येणारं विजेचं बिलही नाताळचंच असतं.

मग दर महिन्याला किती बाजूला टाकायचे?

सरळ भागाकार केला तर ६०,००० भागिले १२ म्हणजे महिना ५,०००. पण इथे बहुतेकांचं गणित एका ठिकाणी चुकतं. सगळा पैसा १ डिसेंबरला हातात येऊन उपयोग नाही. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २३ डिसेंबरच्या गाडीसाठी २४ ऑक्टोबरला सकाळी पैसे तयार हवेत. शिंप्याकडे कापड ऑक्टोबरमध्ये पडलं नाही तर डिसेंबरमध्ये तो हात वर करतो. सुकामेवा भिजत घालायला त्याआधी लागतो. पोर्क आणि मटणाचे पैसे मात्र शेवटच्या आठवड्यात.

म्हणून रक्कम दोन भागांत तोडा. वरच्या नमुन्यात कपडे आणि प्रवास मिळून २४,००० ऑक्टोबरला लागतात आणि उरलेले ३६,००० डिसेंबरच्या सुरुवातीला. पहिल्या भागासाठी जानेवारी ते सप्टेंबर असे नऊ महिने सुमारे २,७००, दुसऱ्यासाठी आदल्या डिसेंबरपासून बारा महिने ३,०००. दोन्ही मिळून महिना ५,७०० होतात. सरळ भागाकारापेक्षा ७०० जास्त वाटतील, पण ऑक्टोबरमध्ये कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

हे पैसे ठेवायचे कुठे?

माझं मत स्पष्ट आहे: बँकेतलं आवर्ती ठेव खातं, म्हणजे आपण ज्याला आरडी म्हणतो ते. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हप्ता आपोआप कापला जाईल अशी सूचना बँकेला द्या. महिनाअखेर उरेल ते साठवू म्हटलं तर काही उरत नाही.

वर सांगितलेल्या दोन भागांसाठी दोन आरडी उघडा. एक जानेवारीत नऊ महिन्यांची, ती ऑक्टोबरमध्ये पिकेल. दुसरी १ डिसेंबरच्या आसपास बारा महिन्यांची, ती पुढच्या डिसेंबरच्या तोंडावर. काही बँकांत आरडीची किमान मुदत सहा महिने असते, काहींत बारा, हे आधी विचारून घ्या. साडेसहा टक्के व्याज धरलं तर दोन्हींवर मिळून वर्षाला दोन हजारांच्या आत-बाहेर सुटतात. मोठी रक्कम नव्हे, पण एका चांगल्या केकचे पैसे निघाले. आरडीचा खरा फायदा असा की पैसा डोळ्यांआड जातो आणि मधल्या एखाद्या सेलला बळी पडत नाही.

हप्ता चुकला तर दंड बसतो, उदाहरणार्थ शंभर रुपयांमागे महिना दीड रुपया. मुदतीपूर्वी मोडली तर व्याज कमी होतं, मुद्दल जात नाही.

आरडी नको असेल तर वेगळं बचत खातं चालेल, फक्त त्याला यूपीआय जोडू नका आणि त्याचं एटीएम कार्ड पाकिटात बाळगू नका.

खास नाताळसाठी बचत खातं ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने १९०९ मध्ये असं खातं सुरू केलं आणि तिथून ते देशभर पसरलं. आपल्याकडे त्या नावाचं खातं नसलं तरी आरडी तेच काम करते. वसईत तर बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक १९१८ पासून आहे, समाजाने आपल्या काटकसरीसाठी उभी केलेली. एकत्र येऊन पैसे साठवणं आपल्या गावांना नवं नाही.

पोस्टाची आरडी घेतली तर?

नाताळसाठी नको. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. मुलीच्या लग्नाला चांगली आहे, डिसेंबरच्या केकला नाही.

आरडीच्या व्याजावर कर लागतो का?

लागतो, ते तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. पण एवढ्या छोट्या व्याजावर बँक सहसा काही कापत नाही. ज्येष्ठ नागरिक नसलेल्यांसाठी एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं तरच उगमात करकपात होते. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून आहे.

आमच्या बायकांची भिशी आहे. डिसेंबरचा नंबर नाताळसाठी घेऊ का?

भिशीचं मला कौतुक आहे. बारा जणी महिन्याला ठरावीक रक्कम टाकतात, एकीला एकगठ्ठा मिळते, आणि मैत्रिणीसमोर हप्ता चुकवायची लाज वाटते म्हणून शिस्त राहते. ही शिस्त बँकही लावू शकत नाही.

पण शेवटचा नंबर घेणाऱ्या बाईचा धोका सगळ्यात जास्त असतो. आधी उचललेल्यांपैकी एकीने पुढचे हप्ते थांबवले की तुटवडा शेवटच्या नंबरवर येतो. आणि नाताळसाठी सगळ्या ख्रिस्ती मैत्रिणींना हवा असतो तोच शेवटचा नंबर. म्हणून ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरचा नंबर मागा, तुमच्या खरेदीलाही तोच सोयीचा. पूर्ण नाताळ भिशीवर टाकू नका, कपड्यांपुरती किंवा फराळापुरती ठेवा. ओळखीपलीकडची माणसं शिरली, कोणी जास्त परतावा देतो म्हणाला, की त्यातून बाहेर पडा. ती भिशी राहिलेली नसते.

बचत गट असेल तर तो आणखी बरा. हिशेबाची वही असते, बँकेत खातं असतं, आणि अडीनडीला अंतर्गत कर्जही मिळतं.

पतसंस्थेत रोज पिग्मी भरतो. ते पैसे कितपत सुरक्षित?

पिग्मीची पद्धत १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने सुरू केली, पुढे ती पतसंस्थांनी घराघरांत नेली. मासळीवाल्या, भाजीवाले, रिक्षावाले यांना ती फार सोयीची. रोज ५० रुपये दिले तर महिन्याला १,५०० होतात आणि दिल्याचं जाणवतही नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र गंभीर आहे. बँकेतल्या ठेवीवर, मग ती सहकारी बँक का असेना, ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० पूर्वी तो १ लाखच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. 'बँक' आणि 'पतसंस्था' या पाट्या नीट वाचून पैसे द्या.

विमा असला तरी वेळ लागू शकतो, हे मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेने शिकवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. पुढे मर्यादा वाढवत नेली, पण त्या वर्षीच्या दिवाळी-नाताळासाठी ठेवलेले पैसे अनेक घरांना वेळेवर मिळाले नाहीत. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी. ऑक्टोबरमध्ये असं काही झालं तर ९० दिवस म्हणजे नाताळ निघून गेलेला असतो. म्हणून घरचा सगळा पैसा एकाच ठिकाणी नको.

पिग्मी एजंट पावती देतो का, मोबाइलवर संदेश येतो का, हे दर आठवड्याला तपासा. माणूस ओळखीचा आहे म्हणून हे टाळू नका.

दुकानदार म्हणतो, वर्षभर हप्ते भरा आणि नाताळला खाऊची टोपली घ्या. घेऊ का?

नको. तुम्ही बँकेत ठेव ठेवत नसता, दुकानाला बिनव्याजी आणि बिनतारण उधार देत असता. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी असेच हप्ते घेऊन नाताळला टोपल्या आणि खरेदीची कुपनं द्यायची. ऑक्टोबर २००६ मध्ये ती बुडाली आणि लाखाहून अधिक लोकांची वर्षभराची बचत अडकली. तीही सणाला दोन महिने उरले असताना. त्यात बहुतांश कमी मिळकतीची, काटकसरी घरं होती. सोनाराच्या मासिक योजनेलाही हाच विचार लावा.

खाटकाकडे किंवा बेकरीत पंधरा दिवस आधी थोडी आगाऊ देऊन ऑर्डर नोंदवणं वेगळं. ते करावंच.

आमची मिळकत ठरावीक नाही. शेती आहे, बोट आहे. दरमहा हप्ता कसा भरणार?

मग महिन्यावर जाऊ नका, विक्रीवर जा. पगारदारांचे सल्ले या घरांना बसत नाहीत आणि त्यांच्यासाठी वेगळं कोणी लिहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत साठवण्याचा विषयच नको, तेव्हा घर चालवणं हेच काम. ऑगस्टला बोट पाण्यात गेली की नोव्हेंबरपर्यंतच्या प्रत्येक फेरीत डिझेल, बर्फ आणि खलाशांचे वाटे देऊन हातात राहील त्यातला दहावा हिस्सा नाताळचा. फेरी रिकामी आली तर काही नाही, चांगली आली तर दहावा हिस्साही मोठा असतो. हिशेब त्याच दिवशी, बंदरावरून घरी आल्यावर करा, नंतर तो पैसा ओळखू येत नाही.

वसईचे फूलवाले आणि भाजीवाले पहाटेच्या गाडीने दादरला माल नेतात. त्यांचं उत्पन्न गणपतीपासून दिवाळीपर्यंत चढतं. चाफा, मोगरा, झेंडू यांना त्या काळात मिळणारा भाव वर्षात पुन्हा मिळत नाही. नाताळची निम्मी रक्कम त्या दोन-अडीच महिन्यांतच उभी राहू शकते, फक्त तो पैसा दिवाळीच्या बाजारात विरघळायच्या आत बाजूला काढायला हवा. अशा घरांना आरडीपेक्षा वेगळं बचत खातं सोयीचं, कारण हप्ता चुकल्याचा दंड नसतो. काही बँकांत कमीजास्त हप्त्याची आरडीही मिळते, चौकशी करा.

घरी चार बदकं, दहा कोंबड्या पाळायला जागा असेल तर तीही बचतच आहे. पावसाळ्याच्या शेवटी आणलेली पिल्लं डिसेंबरात ताटात येतात, आणि नाताळच्या आठवड्यातला चढा भाव तुम्हाला लागत नाही.

दिवाळीचा बोनस नाताळसाठी ठेवावा का?

निम्मा तरी ठेवाच. बोनसला आपण दिवाळीचा म्हणतो, पण बहुतेक ख्रिस्ती कामगारांसाठी तो वर्षातला एकमेव एकरकमी पैसा असतो आणि तो सणाच्या दीड-दोन महिने आधी, म्हणजे नेमक्या वेळी येतो. आला त्या दिवशी निम्मा दुसऱ्या खात्यात वळवा. पण त्याच्या भरवशावर वर्षभराची बचत थांबवू नका. कारखाना तोट्यात गेला, ओव्हरटाइम घटला, की बोनसचा आकडा आधीच्या वर्षासारखा राहत नाही.

कोणती खरेदी केव्हा केली तर स्वस्त पडते?

काजू घ्यायचा तर कोकण-गोव्यातला हंगाम संपता संपता, मे-जूनमध्ये, ओळखीच्या कारखान्यातून घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा. केकसाठीचा बेदाणा, काळे मनुके, टुटीफ्रुटी, संत्र्याची पाकवलेली साल ही क्रॉफर्ड मार्केटमधून गणपतीनंतर आणली की दिवाळीची गर्दी टळते. रममध्ये भिजत घातली की ती खराब होत नाहीत, उलट मुरतात. दर महिन्याला पाव-पाव किलो घेतलं तर खिशालाही कळत नाही.

रोषणाईच्या माळा दिवाळी संपल्याच्या आठवड्यात घ्या, दुकानदाराला उरलेला माल काढायचा असतो. चांदण्या, गोठ्यातल्या मूर्ती, झाडाचे गोळे मात्र २६ डिसेंबरनंतर, पुढच्या वर्षासाठी. मुलांचे कपडे खूप आधी घेऊ नका, मुलं वाढतात. मोठ्यांचे जुलै-ऑगस्टच्या सेलमध्ये घेता येतात.

फराळात सगळ्यात महाग काय, हे एकदा कागदावर मांडून पाहा. कुळकुळांना मैदा, रवा, अंडी आणि नारळाचं दूध लागतं, बाकी सगळी मेहनत. मार्झिपानला काजू-बदाम लागतात. बिबिंकला अंड्यांचे बलक, तूप, नारळ आणि अख्खा दिवस. सगळे प्रकार सगळ्या घरांनी करायची गरज नाही. तीन बहिणींनी किंवा जावांनी एकेक प्रकार मोठ्या प्रमाणात करून वाटून घेतला तर खर्च आणि दमणूक दोन्ही कमी होतात. कुळकुळ तर एकटीने वळायचा पदार्थच नाही, सगळे बसले की तासाभरात परात भरते.

सॉरपोतेल आणि इंदाल व्हिनेगरमुळे मुरतात, दोन-तीन दिवस आधी केलेले जास्त चांगले लागतात. त्यामुळे पोर्क २४ तारखेच्या रांगेत उभं राहून घ्यायचं कारण नाही.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, मांस-मच्छी आणि दारू सोडतो. ते वाचलेले पैसे नाताळच्या डब्यात टाकू का?

टाकू नयेत, असं मला मनापासून वाटतं. उपवासकाळात जे वाचतं ते परंपरेने गरिबांचं असतं. आपल्या ताटातून काढलेलं आपल्याच पुढच्या ताटासाठी ठेवलं तर उपवासाला काय अर्थ राहिला? ते धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, दानपेटीत जाऊ दे. बाहेरचं खाणं कमी करण्याची सवय मात्र ईस्टरनंतरही महिन्यातून दोनदा चालू ठेवा आणि ते पैसे खुशाल नाताळला लावा.

दरवर्षी सगळे थोरल्या भावाकडे जमतात आणि खर्च त्याच्यावरच पडतो. हे बोलायचं कसं?

थोरला भाऊ स्वतः बोलणार नाही, आणि वहिनी तर नाहीच. म्हणून धाकट्यांनी विषय काढायचा. तोही डिसेंबरमध्ये काढू नका. ईस्टरला किंवा गावच्या सणाला सगळे जमलेले असताना काढा. "दादा, यंदा मटण आणि केक आमच्याकडून" असं सरळ सांगितलं तर वर्गणी मागितल्यासारखं होत नाही. रोख देण्यापेक्षा जबाबदारी वाटून घेणं घरात जास्त शोभतं. ज्याची मिळकत कमी त्याने फुग्या तळायच्या, गोठा बांधायचा. हातभार हा हातभारच.

भेटींचंही तसंच. पंधरा-वीस चुलत-मावस भावंडं असली तर प्रत्येकाने प्रत्येकाला देण्यापेक्षा चिठ्ठ्या काढा, एकाने एकालाच द्यायचं, आणि रकमेची वरची मर्यादा आधी ठरवा. लहान मुलं आणि आजी-आजोबा या नियमातून बाहेर.

सासूबाईंना सगळं पूर्वीसारखंच हवं असतं. त्यांना कसं समजवायचं?

त्यांना यादी करायला बसवा. पूर्वी काय काय व्हायचं, कोणाकडे काय जायचं, हे त्या सांगतील आणि तुम्ही लिहून घ्या. बहुतेक वेळा निघतं असं की जुन्या नाताळात विकतचं फार थोडं असायचं. तांदूळ घरचा, कोंबडी घरची, कपड्यांचा एकच जोड आणि तोच मध्यरात्रीच्या मिस्सेला. महाग झालेला भाग आपण नंतर जोडलेला असतो. हे त्यांच्याच तोंडून आलं की कापाकापीची बोलणी सोपी होतात.

मुलांना पैशांबद्दल सांगावं का?

आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना सांगावं. नाताळच्या डब्यातल्या त्यांच्या वाट्याचा आकडा त्यांना कळू दे, त्यात काय घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. धाकट्यांना सांता मागितलेली प्रत्येक वस्तू आणतो असं सांगू नका, एकच आणतो असं सांगा. एकदा ठरवलं की दरवर्षीचा तिढा सुटतो.

आखातातून किंवा कॅनडातून सुट्टीवर येणाऱ्यांसाठी वेगळं काही?

तिकीट हाच त्यांचा सर्वांत मोठा खर्च, म्हणून सुट्टी मंजूर होताच ते काढा. आणि घरच्यांनी एक लक्षात ठेवा: दुबईहून येणाऱ्या भावाच्या बॅगेतल्या वस्तूंवर आपल्या नाताळचा हिशेब बेतू नका. तोही तिथे भाडं भरून राहतो.

पैसे कमी पडले तर क्रेडिट कार्डावर घेऊन जानेवारीपासून फेडलं तर चालेल ना?

हिशेब पाहा. ३०,००० रुपये कार्डावर थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असलं तर पहिल्याच महिन्याचं व्याज १,०५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १८९, म्हणजे १,२३९ रुपये. बँक किमान भरणा समजा १,५०० सांगते. तो भरून मुद्दलातले जेमतेम २६१ कमी झाले. या वेगाने पुढचे कित्येक नाताळ या एका नाताळचे पैसे फेडण्यात जातील. बिनव्याजी हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क असतं, आणि रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. सावकाराकडे तर जाऊच नका.

सप्टेंबर उजाडला आणि एक रुपयाही साठवला नाही. आता?

आता साठवण्याइतकंच कापण्याकडे लक्ष द्या. ६०,००० चं बजेट तीन महिन्यांत उभं करायला महिना २०,००० लागतील, ते बहुतेक घरांना जमणार नाही. जमतील तेवढे धरा, समजा महिना ८,००० आणि बोनसचे १०,०००, म्हणजे ३४,०००. आता यादी उलट्या क्रमाने भरा: आधी दान, मग जेवण, मग फराळ, मग मुलांचे कपडे आणि भेटी, मग प्रवास. मोठ्यांचे कपडे, नवी रोषणाई आणि मोठ्यांच्या आपसांतल्या भेटी यंदा नाहीत. दान पहिलं का, असं कोणी विचारेल. शेवटी ठेवलेलं दान कधीच निघत नाही म्हणून.

ऑगस्टमध्ये घरात आजारपण आलं. नाताळची आरडी मोडू का?

मोडा, बिनदिक्कत. औषधाच्या पैशांपुढे केकचे पैसे काहीच नाहीत, आणि आरडी मोडणं कर्जापेक्षा कितीतरी स्वस्त. दोन आरडी करण्याचा इथेही फायदा होतो, एक मोडली तरी दुसरी राहते.

यंदा नोकरीच गेली आहे. काहीच जमणार नाही.

मग कोणाला तरी सांगा. बऱ्याच धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक काम करतात. पॅरिसमध्ये १८३३ मध्ये सुरू झालेली ही संस्था गरजू घरांना शिधा, फी, औषधं यासाठी मदत करते आणि नावं गावभर करत नाही. फादरांच्या कानावर घातलं तरी निरोप पोचतो. शेजारच्या घरातून फराळाचं ताट आलं तर मोकळ्या मनाने घ्या. तुम्हीही चांगल्या वर्षी ताटं पाठवलेली आहेत. मुलांना गोठा बांधू द्या, गवत, माती आणि बांबू विकत आणावे लागत नाहीत.

नाताळ झाल्यावर लगेच काय करायचं?

२६ डिसेंबर ते ६ जानेवारीचा तीन राजांचा सण, या दिवसांत बसून खरा खर्च लिहून काढा, कारण तेव्हाच तो आठवतो. कुठे जास्त झालं, काय वाया गेलं, कोणता पदार्थ ताटांतून परत आला. ही वही पुढच्या वर्षी तुमचा सर्वांत भरवशाचा आकडा देईल. डब्यात काही उरलं असेल तर ते खर्चात मिसळू देऊ नका, नव्या आरडीचा पहिला हप्ता त्यातूनच भरा. आणि जानेवारीच्या सुरुवातीला पगार हाती आला की नऊ महिन्यांची आरडी उघडायला बँकेत जा. फेब्रुवारीपर्यंत थांबलात तर ती नोव्हेंबरमध्ये पिकेल, तोवर गाडीची तिकिटं आणि शिंप्याची वेळ दोन्ही निघून गेलेली असतील.